‘माणूस काढ’ : एका कसोटीची उलटतपासणी

पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे कोरा कागद ठेवायचा, हातात पेन्सिल द्यायची आणि ‘माणूस काढ’ एवढेच सांगायचे. घाई करायची नाही, मदत करायची नाही. चित्र झाले की ते घेऊन घरी जायचे आणि एका यादीशी ताडून पाहायचे. डोके आहे? एक गुण. मान आहे? एक गुण. हात खांद्यातून निघतात की पोटातून? बोटे पाच आहेत की झाडूच्या काड्यांसारखी आठ-नऊ? शेवटी बेरीज, बेरजेवरून मानसिक वय, आणि मानसिक वयावरून बुद्ध्यंक. मानसशास्त्रातल्या इतक्या स्वस्त, इतक्या साध्या आणि इतक्या दूर पोचलेल्या कसोट्या फार नाहीत. आपल्याकडच्या बालरुग्ण विभागांत, बालमार्गदर्शन केंद्रांत आणि झोपडपट्टीतील वा आदिवासी पाड्यांवरील मुलांच्या अभ्यासांत ती कितीतरी वर्षे वापरली जात आहे. ती नेमके काय मोजते, हा प्रश्न मात्र मराठीत फारसा कोणी विचारलेला दिसत नाही.

कसोटी मूळची अमेरिकन. फ्लोरेन्स गुडइनफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी न्यू जर्सीमधल्या शाळकरी मुलांची हजारो चित्रे तपासून १९२६ मध्ये ती प्रसिद्ध केली. एकूण ५१ मुद्दे. प्रत्येक असेल तर एक गुण, नसेल तर शून्य. चित्र सुंदर आहे की नाही याला गुण नाहीत, आणि हा त्या काळाच्या मानाने फार समंजस निर्णय होता. मूल वस्तू जशी दिसते तशी काढत नाही, त्याला तिच्याविषयी जे ठाऊक आहे ते काढते. म्हणून चित्रातले तपशील हे त्याच्या संकल्पनांच्या वाढीचे माप, असा त्यामागचा विचार. तो पूर्णपणे चुकीचा नाही. तीन वर्षांचे मूल डोक्यालाच पाय लावते, पाच वर्षांचे धड काढते, आठ वर्षांचे खांदे काढू लागते, हा क्रम जगभर बराचसा सारखा आढळतो.

अडचण बेरजेनंतर सुरू होते. गुडइनफच्या कोष्टकात साधारण चार गुणांमागे एक वर्ष मानसिक वय वाढते. म्हणजे सहा वर्षांच्या ज्या मुलाचा बुद्ध्यंक १०० यायचा, त्याचे चार गुण कमी झाले की मानसिक वय पाच, आणि बुद्ध्यंक ८३. मान नाही, भुवया नाहीत, अंगठा वेगळा दाखवलेला नाही, दोन कपडे ओळखू येत नाहीत. एवढ्यावर एक मूल ‘सर्वसाधारण’च्या खाली घसरते.

आता ती सूचना मराठीत आणून पाहा. मूळ सूचना ‘पुरुष काढ’ अशी आहे. मराठीत आपण ‘माणूस’ म्हणतो आणि तिथेच कसोटी बदलते. आपल्या भाषेत बाईमाणूस असते, गडीमाणूस असतो, म्हातारे माणूस असते, ‘आमची माणसं’ म्हणजे घरचे सगळे असतात, आणि काही घरांत ‘आमचा माणूस’ म्हणजे नवरा. एखाद्या मुलीने ‘माणूस काढ’ म्हटल्यावर आई काढली तर तिने सूचना मोडली की पाळली? पुरुषाच्या चित्रासाठी तयार केलेली यादी त्या नऊवारी-सहावारीतल्या आकृतीला लावली तर साडीखाली पायच दिसत नाहीत. पाय, पायांचे सांधे, पायांचे प्रमाण, टाच हे सगळे गुण साडीच्या घोळात गेले. धोतराचेही तेच. १९२६ ची यादी शर्ट-पँट-टोपी-बुटातल्या माणसाकडे पाहून केलेली आहे. पुढे डेल हॅरिस यांनी १९६३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. तीत पुरुषासाठी ७३ मुद्दे, स्त्रीसाठी वेगळे ७१, आणि शिवाय मुलाने स्वतःचे चित्र काढायचे. एका यादीत भागत नाही हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याकडे हे काम केले ते प्रमिला फाटक यांनी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बालविकासाचा अभ्यास करताना, साठच्या दशकात, त्यांनी भारतीय मुलांसाठी मनुष्यचित्राची मापनश्रेणी तयार केली. पुढे तिची पुस्तिका पुण्याहून निघाली. लहान बाळांच्या वाढीचे ‘बडोदा मानदंड’ ज्यांच्या कामातून उभे राहिले त्या याच. मानसशास्त्राच्या वर्तुळाबाहेर हे नाव मराठी वाचकाला माहीत नसते, याची खंत वाटते. परदेशी यादीचे नुसते भाषांतर न करता इथल्या मुलांची चित्रे गोळा करून त्यांवरून गुण बसवायचे, हे किचकट काम आहे, आणि ते काम कोणी केले नसते तर आपली मुले न्यू जर्सीच्याच फूटपट्टीने मोजली गेली असती. त्याआधी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटीचे मराठी-कानडी रूप सिद्ध केले होते आणि १९४० मध्ये त्यावरचे त्यांचे पुस्तक आले होते. पण बिने कसोटी शब्दांची. जिथे बोली बदलते, तिथे शब्द बदलतात आणि प्रश्नाची काठिण्यपातळीही बदलते. चित्राला भाषा नाही, म्हणून ते सगळ्यांना सारखे, ही आशा त्यामुळे फार मोठी होती.

फाटकांच्या कामाविषयी पूर्ण आदर ठेवूनही ही आशा तपासली पाहिजे. गुजरातेतल्या मुलांच्या चित्रांवर बसवलेले मानदंड डहाणूच्या वारली पाड्यावर किंवा बीड जिल्ह्यातल्या तांड्यावर तसेच लागू होतात, असे म्हणायला आधार काय? ‘भारतीय’ हा शब्द शीर्षकात आला म्हणून फूटपट्टी सगळ्या भारताची होत नाही.

वारली चित्रांचेच उदाहरण घेऊ. ते महाराष्ट्राचेच, आणि या कसोटीची सर्वांत कठोर परीक्षा घेणारे. वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, आणि काड्यांसारखे हातपाय. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही, बहुतेक वेळा कपडेही नाहीत. लग्नाचा चौक काढणाऱ्या सवासिनी पिढ्यान्‌पिढ्या हाच माणूस काढत आल्या, आणि जिव्या सोमा म्हशे यांनी तो कागदावर, कापडावर आणून जगभर नेला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रातल्या तारपा नाचातला एक नाचणारा उचलून १९२६ च्या यादीसमोर ठेवा. डोके, धड, हात, पाय यांचे गुण मिळतील. डोळ्यांचे सगळे गेले, तोंड-नाकाचे गेले, कपड्यांचे गेले, बोटांचे बहुतेक गेले. जे उरतील ते एका लहान मुलाचे गुण. आणि त्या आकृतीत कमरेचा जो झोक आहे, एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणारा जो तोल आहे, त्याला यादीत रकानाच नाही. यादीला हवा असतो तो उभा, समोर बघणारा, अवयव मोजू देणारा माणूस.

यावर कोणी म्हणेल, म्हशे प्रौढ कलावंत होते, कसोटी मुलांची आहे. बरोबर. पण वारली घरातले मूल भिंतीवर कोणता माणूस पाहत वाढते? मूल माणसाकडे पाहून माणूस काढत नाही. ते दुसऱ्या चित्रांकडे पाहून काढते. याचा पुरावा आपल्या प्रत्येकाच्या शालेय वहीत आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही मुलाला ‘निसर्गचित्र काढ’ म्हणा : दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणे घेत येणारी नदी, काठावर कौलारू घर आणि शेजारी नारळाचे झाड. बीड जिल्ह्यात नारळ किती आणि बारमाही नद्या किती, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. तरी आमच्या मुलांच्या चित्रांत नारळ असतोच. ते झाड त्यांना कोणा चुलतभावाच्या वहीतून, शाळेच्या भिंतीवरून मिळालेले असते. माणसाचे चित्रही असेच हातोहात पोचते. ज्याच्या आसपास चित्रेच नाहीत, त्याला ते पोचायला उशीर लागतो. आणि हा उशीर कसोटीत बुद्धीच्या खाती जमा होतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेन डेनिस यांना चाळीसच्या दशकात अमेरिकेतल्या होपी आदिवासींमध्ये एक मासलेवाईक गोष्ट दिसली. तिथल्या मुलग्यांचे गुण गोऱ्या मुलांच्या सरासरीहून वर, तर त्याच वस्तीतल्या मुलींचे सरासरीच्या आसपास. घर तेच, अन्न तेच. फरक एवढाच की त्या समाजात चित्रकाम हा पुरुषांचा प्रांत, आणि मुलगे ते बघत वाढतात. पुढे त्यांनी अरब बदाऊन मुलांची चित्रे पाहिली, जिथे माणसाचे चित्र काढण्याची परंपराच नव्हती, तिथे गुण फारच खाली आले. (धर्मापुरीत केदारेश्वराच्या बाह्यभिंतींवर बाराव्या शतकातल्या सुरसुंदरी उभ्या आहेत, बोटांची पेरे, बाजूबंद, वळलेली मान, सगळे जागच्या जागी. यादी हातात घेतली तर जवळजवळ पैकीच्या पैकी. त्या मंदिराच्या आवारात खेळणाऱ्या मुलांचे गुण त्यामुळे वाढत असतील का, हा प्रश्न गमतीचा वाटतो, पण डेनिस यांना तो गमतीचा वाटला नसता.)

गुडइनफ यांचा मोठेपणा असा की त्यांनी स्वतःच हे मान्य केले. हॅरिस यांच्यासह १९५० मध्ये लिहिलेल्या आढाव्यात संस्कृतीपासून मुक्त अशा कसोटीचा शोध हा भ्रम आहे, शब्द वगळले की कसोटी सर्वांना सारखी होते हे म्हणणे आता टिकत नाही, असे त्या स्पष्ट सांगतात. आणि विसाच्या दशकात याच कसोटीवरून वेगवेगळ्या वंशांच्या मुलांची तुलना करणारा जो निबंध त्यांनी लिहिला होता, त्याबद्दल जाहीर क्षमा मागतात. कसोटी जगभर गेली, क्षमायाचना मात्र तिच्यासोबत गेली नाही.

चित्रावरून बुद्धी मोजणे एक. चित्रावरून स्वभाव वाचणे ही दुसरी वाट, आणि ती जास्त निसरडी. कॅरन माकोव्हर यांचे १९४९ चे पुस्तक या वाटेचा मुख्य आधार. मोठे डोळे काढले तर संशयी, हात लपवले तर अपराधी भावना, अशा प्रकारची वाचने त्यातून रूढ झाली. लोरेन आणि जीन चॅपमन या दांपत्याने १९६७ मध्ये तिची कशी परीक्षा घेतली ते सांगण्यासारखे आहे. त्यांनी मनुष्यचित्रे घेतली आणि प्रत्येकाखाली रुग्णाची लक्षणे अक्षरशः वाटेल तशी चिकटवली. चित्राचा आणि लक्षणाचा काही संबंध राहू दिला नाही. मग ती विद्यार्थ्यांना दाखवून विचारले, काय संबंध दिसतो? विद्यार्थ्यांना नेमके तेच संबंध ‘दिसले’ जे अनुभवी चिकित्सक सांगत असत. संशयी माणसाचे डोळे वेगळे असतात, वगैरे. संबंध चित्रांत नव्हताच, तो पाहणाऱ्याच्या भाषेत होता. साहित्याच्या वाचकाला हा रोग ओळखीचा आहे. कवितेत अंधार आला की कवीच्या आयुष्यातले दुःख शोधायला निघणारी समीक्षा याच जातीची. तरी कवी निदान प्रतिवाद करू शकतो.

बुद्धीच्या मापाकडे परत येऊन आकडे पाहू. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील रोझलिंड आर्डेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ७,७५२ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चौथ्या वर्षी काढलेल्या मुलाच्या चित्राचे गुण आणि त्याच वेळची बुद्धिमापन कसोटी यांचा सहसंबंध ०.३३; चौदाव्या वर्षीच्या बुद्धीशी ०.२०. वर्तमानपत्रांनी ‘चित्रावरून कळते मुलाची बुद्धी’ अशा बातम्या केल्या. पण सहसंबंधाचा वर्ग करून पाहिला की पहिल्यातून ११ टक्के आणि दुसऱ्यातून ४ टक्के फरकाचाच उलगडा होतो. संबंध खरा आहे, शून्य नाही. पण एका मुलाविषयी काही सांगायला तो पुरत नाही. आर्डेन यांनी स्वतः पालकांनी घाबरू नये असेच सांगितले होते. त्याच्या आदल्या वर्षी न्यूझीलंडच्या काना इमुता आणि सहकाऱ्यांनी याच कारणासाठी बुद्धीचे माप म्हणून मनुष्यचित्र वापरणे बंद करावे, असा निष्कर्ष काढला होता.

मग सगळे कागद गोळा करून फेकून द्यायचे का? इथे मी थांबतो, कारण यवतमाळ आडवे येते.

त्यासाठी आधी मेक्सिकोला जावे लागते. तिथल्या याकी खोऱ्यात चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून बागायती शेती आणि तिच्याबरोबर कीटकनाशकांची फवारणी आली; शेजारच्या डोंगरपायथ्याच्या याकी लोकांनी ती स्वीकारली नाही. लोक एकाच जमातीचे, खाणेपिणे, चालीरीती सारख्या. एलिझाबेथ गिलेट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी दोन्हीकडच्या चार-पाच वर्षांच्या मुलांना खेळायला लावले : चेंडू झेलणे, उड्या मारणे, थोड्या वेळापूर्वी सांगितलेली गोष्ट आठवणे, आणि माणूस काढणे. खोऱ्यातली ३३ मुले, पायथ्याची १७. १९९८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. उंची-वजनात फरक नव्हता. दम, हात-डोळ्यांचा मेळ, स्मरण आणि चित्र यांत होता. पायथ्याच्या मुलांची चित्रे माणसे म्हणून ओळखू येत होती, खोऱ्यातल्या अनेक मुलांच्या कागदावर नुसत्या रेघोट्या. ही चित्रे शेजारी-शेजारी छापली गेली आणि ज्याने पाहिली तो विसरला नाही.

हीच पद्धत कविता कुरुगंटी यांच्या अभ्यासात भारतात आली. ग्रीनपीसने २००४ मध्ये त्याचा अहवाल काढला, पुढच्या वर्षी तो नियतकालिकात आला. सहा राज्यांतील कापूस पिकवणारे भाग, त्यांत महाराष्ट्रातला यवतमाळ. ८९९ मुले, चार-पाच आणि नऊ ते तेरा अशा दोन वयोगटांतली. प्रत्येक ठिकाणी तुलनेसाठी कमी फवारणीची गावे. बहुतेक चाचण्यांत कापसाच्या गावांतली मुले मागे. त्याच यवतमाळात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा या अहवालाची आठवण किती जणांना झाली असेल कोण जाणे.

इथे कसोटीचा उपयोग वेगळा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. एका मुलावर शिक्का मारायचा नसून दोन गटांच्या सरासऱ्या ताडायच्या आहेत. माप ओबडधोबड असले तरी चालते, कारण एका मुलाच्या मापातली चूक दुसऱ्याच्या उलट चुकीने भरून निघते. पण भरून निघते ती इकडे-तिकडे विखुरलेली चूक. माप एकाच बाजूला झुकलेले असेल तर मुले दुप्पट केली तरी झुकाव जात नाही. कापसाच्या गावात अंगणवाडी नियमित उघडत नसेल, आई दिवसभर वेचणीला जात असेल, पेन्सिल पहिल्यांदा त्याच दिवशी हातात आली असेल, तर रेघोट्या औषधाच्या की अनुभवाच्या, हे कागद सांगू शकत नाही. शेजारी छापायला जोड्या निवडल्या जातात तेव्हा सर्वांत ठळक फरकाच्या निवडल्या जातात, हेही विसरू नये. सरासरी फरक तेवढा नसतो.

माझ्या मते या दोन्ही अभ्यासांचा खरा जोर चित्रांत नाही. चेंडू झेलणे, स्मरण, उड्या यांचे निकाल चित्रांच्याच बाजूने गेले, यात तो आहे. चेंडू झेलायला पेन्सिलची ओळख लागत नाही. लोकांच्या लक्षात राहिली ती मात्र चित्रे, म्हणजे पुराव्याचा सर्वांत दुबळा भाग. पुढे कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातल्या शेतमजूर कुटुंबांच्या अभ्यासात गरोदर मातांच्या लघवीतले कीटकनाशकांचे अंश मोजले गेले आणि मुले सात वर्षांची झाल्यावर रीतसर बुद्धिमापन झाले. २०११ च्या त्या निष्कर्षानुसार सर्वाधिक आणि सर्वांत कमी अंश असलेल्या गटांत सुमारे ७ बुद्ध्यंकांचा फरक होता. शरीरातल्या विषाचे माप आणि मुलाचे माप, दोन्ही बाजू धरलेल्या. रेघोट्यांनी जी शंका उपस्थित केली तिला असे उत्तर द्यावे लागते. यवतमाळच्या मुलांबाबत ते देण्याची जबाबदारी अहवाल लिहिणाऱ्यांपेक्षा तो वाचणाऱ्या व्यवस्थेची अधिक होती.

हा प्रश्न बीड जिल्ह्याला परका नाही. कापूस इथेही आहे, आणि दिवाळी झाली की टोळ्या उसाला निघतात. आई-बापाचा कोयता फडात, मूल कोपीत. परत येणे मार्च-एप्रिलमध्ये. हंगामी वसतिगृहे, साखरशाळा असे उपाय आहेत, पण सगळी मुले त्यांत नसतात. उद्या कोणी या मुलांची आणि गावात राहणाऱ्या मुलांची चित्रे घेऊन सरासरी काढली तर फरक निघेल, याविषयी मला फार शंका नाही. त्या फरकाला ‘बुद्धी’ हे नाव दिले जाईल, याची भीती आहे. याच्या उलट टोकाचा मोहही आहे. ऊसतोड घरातले मूल माणसाच्या हातात कोयताच देणार, आणि त्या कोयत्यात आपण त्याचे सगळे दुःख वाचणार. ही माकोव्हरबाईंचीच चूक, फक्त सहानुभूतीच्या बाजूने केलेली. तसेही, कोयत्याला यादीत गुण नाही.

काही करायचेच असेल तर मुलाची तुलना त्याच्या स्वतःशी करावी. एक चित्र दिवाळीच्या सुट्टीआधी, दुसरे टोळी परतल्यावर. तोच कागदाचा आकार, तीच पेन्सिल, तेच वाक्य, विचारणारी व्यक्तीही तीच. गावात राहिलेल्या मुलांची चित्रेही त्याच दोन तारखांना. गुण देणाऱ्याला कोणते चित्र कोणाचे आणि कधीचे हे कळू द्यायचे नाही. कागदाच्या मागच्या बाजूला, मूल किती महिने शाळेत होते, आधी डोके काढले की पाय, मध्ये किती वेळा थांबले, आणि ‘हे कोण आहे?’ असे विचारल्यावर त्याने काय सांगितले, ते त्याच्याच बोलीत लिहायचे. एका वर्गाला यासाठी एक सकाळ पुरेल. गुणांची बेरीज समोरच्या बाजूला लिहायची नाही.